बंदिस्त डेटाबेसमधला डेटा संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये कसा आणावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: संस्थेचा सगळा डेटा एका मोठ्या डेटाबेसमध्ये आहे, पण तिथे थेट लॉगिन मिळत नाही. समोर फक्त ठरावीक रिपोर्टचे स्क्रीन आणि त्यांवरचे ‘एक्सेलमध्ये उतरवा’ हे बटण. महिन्यामहिन्याच्या फाइली उतरवून, एकमेकींना जोडून त्या आर किंवा स्टाटासारख्या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये न्यायच्या, की याहून बरा मार्ग आहे?

बरा मार्ग आहे. त्यात तंत्राचा भाग थोडा आणि नेमके मागण्याचा भाग मोठा आहे. बहुतेक जण डीबीएकडे (डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाकडे) जाऊन “मला डेटाबेसचा ॲक्सेस हवा” एवढेच सांगतात. शेकडो टेबलं, त्यांत नावं, पत्ते, फोन नंबर, शिवाय तोच सर्व्हर रोजचं काम सांभाळतोय. अशा ठिकाणी कोणताही जबाबदार डीबीए नाहीच म्हणणार, आणि ते बरोबरच आहे. पण तुम्हाला तरी डेटाबेस कुठे हवा असतो? विश्लेषणाला लागतं एकच टेबल. त्याच्या एका ओळीचा अर्थ काय, कॉलम कोणते, काळ कोणता, हे तुम्हाला आधीच ठाऊक असायला हवं. तेच टेबल कागदावर उतरवून घेऊन जा.

त्या कागदावर पहिलं वाक्य ओळीबद्दल असू द्या: “एक ओळ म्हणजे एक भेट” किंवा “एक ओळ म्हणजे एक व्यक्ती, तिची पहिली नोंद”. हे लिहिलं नाही तर पुढे सगळं घसरतं. त्याखाली कॉलमांची यादी आणि प्रत्येकापुढे तो कशासाठी हवा त्याचे चार शब्द. जन्मतारखेपुढे लिहायला बसलात की लक्षात येतं, तारीख नकोच आहे, नोंदीच्या दिवशीचं पूर्ण वय पुरतं. पत्त्याऐवजी जिल्हा पुरतो. अशी छाटणी तुम्ही स्वतः केलीत की परवानगीचा निम्मा वाद तिथेच संपतो. मग काळाची मर्यादा, डेटा एकदाच हवा की दर महिन्याला, आणि काम झाल्यावर तो कधी पुसणार, तेही लिहा.

यावर डीबीएने तुमच्यासाठी एक व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, जिचं उत्तर टेबलासारखं वाचता येतं) तयार करावा आणि फक्त तो व्ह्यू वाचू शकणारं रीड-ओन्ली अकाउंट द्यावं, अशी विनंती करा. मूळ टेबलं तुम्हाला दिसतच नाहीत, त्यामुळे त्यांची काळजी मिटते. तुमच्याही बाजूने यात मोठा फायदा आहे: टेबलांच्या एकमेकांशी जोडण्या आणि ओळींच्या गाळण्या एकाच ठिकाणी लिहिलेल्या राहतात आणि सहा महिन्यांनी तीच आकडेमोड पुन्हा करता येते. शक्य असेल तर तो व्ह्यू मुख्य सर्व्हरवर न ठेवता रिपोर्टिंगसाठीच्या प्रतीवर ठेवायला सांगा. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर घाईत ‘नोलॉक’ (दुसऱ्याचं लिहिणं पुरं व्हायची वाट न पाहता वाचायची सूचना) लावून क्वेरी चालवायची सवय अनेक ठिकाणी दिसते. तिच्यात लिहिणं चालू असताना एखादी ओळ दोनदा वाचली जाऊ शकते, एखादी सुटूही शकते. ज्या आकड्यांवर निष्कर्ष काढायचे आहेत त्यांच्यासाठी ती वापरू देऊ नका.

एक्सेलच्या बटणाला माझा विरोध चैनीचा नाही. रिपोर्ट माणसाने वाचण्यासाठी बनवलेला असतो. त्यात आकडे गोल केलेले असतात, हजारांचे स्वल्पविराम असतात, मधे उपबेरजेच्या ओळी असतात, विलीन केलेले मथळे असतात. वर एक्सेलचे स्वतःचे उपद्व्याप. शून्याने सुरू होणाऱ्या कोडचं शून्य जातं. पंधरापेक्षा जास्त अंकी क्रमांकाचे पंधराव्यानंतरचे अंक शून्य होतात. मजकूर तारखेसारखा दिसला की त्याची तारीख होते. मानवी जनुकांची ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ने सुरू होणारी चिन्हं एक्सेल तारखा समजून बदलत असे. अखेर जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती चिन्हंच बदलली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण मधल्या टप्प्यावर जुन्या एक्सएलएस प्रकारची फाइल होती आणि त्यात एका पानावर ६५,५३६ च ओळी मावतात. नव्या प्रकारात ही मर्यादा १०,४८,५७६ आहे, म्हणजे मोठी आहे, पण आहे. व्ह्यू मिळणं अगदीच शक्य नसेल, तर निदान साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली मजकूर फाइल) मागा आणि ती एक्सेलमध्ये न उघडता थेट सॉफ्टवेअरमध्ये वाचा.

अकाउंट मिळाल्यावर डेटाबेसशी जोडणी सहसा ओडीबीसीवरून, म्हणजे कुठलंही सॉफ्टवेअर आणि डेटाबेस जोडणाऱ्या सामाईक पद्धतीने होते. आरमध्ये डीबीआय आणि ओडीबीसी ही पॅकेजं, स्टाटामध्ये ओडीबीसी लोड ही आज्ञा (१७ व्या आवृत्तीपासून जेडीबीसी ही तशीच दुसरी पद्धतही आहे), एसपीएसएसमध्ये गेट डेटा किंवा डेटाबेस विझार्ड. सॅसला लिबनेम पुरतो, पण त्या त्या डेटाबेससाठीचं ॲक्सेस मॉड्यूल परवान्यात आहे का ते आधी बघा. जोडणी अडते तेव्हा दोषी बहुधा ड्रायव्हरच (डेटाबेसशी बोलणारा छोटा प्रोग्राम) असतो: सॉफ्टवेअर ६४ बिटी आणि ड्रायव्हर ३२ बिटी. विंडोजमध्ये ओडीबीसीची सेटिंग पाहण्याचे दोन प्रोग्राम एकाच नावाचे आहेत आणि त्यांत ३२ हा आकडा आहे. प्रत्यक्षात सिस्टम३२ फोल्डरमधला ६४ बिटी आणि सिसवाव६४ मधला ३२ बिटी. या उलट्या नावांनी भल्याभल्यांची दुपार खाल्ली आहे. ड्रायव्हर बरोबर असूनही जोडणी ताटकळत राहून तुटत असेल तर फायरवॉलवर पोर्ट उघडा आहे का विचारा. एसक्यूएल सर्व्हरचा नेहमीचा पोर्ट १४३३, पोस्टग्रेसचा ५४३२, ओरॅकलचा १५२१, मायएसक्यूएलचा ३३०६. पासवर्ड मात्र स्क्रिप्टमध्ये लिहू नका. विंडोजच्याच लॉगिनवर जोडणी होत असेल तर उत्तम, नाहीतर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (स्क्रिप्टबाहेर, संगणकाच्या सेटिंगमध्ये) ठेवा.

डेटा स्क्रीनवर आला की लोक सुटकेचा नि:श्वास सोडतात. मला विचाराल तर खरं काम इथे सुरू होतं, कारण डेटाबेसचे प्रकार आणि संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरचे प्रकार एकमेकांशी जुळत नाहीत, आणि जिथे जुळत नाहीत तिथे एररही येत नाही. आकडा गुपचूप बदलतो.

सगळ्यात आधी ओळखक्रमांक. आरमधला साधा पूर्णांक २१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही. ओडीबीसी पॅकेज मोठे क्रमांक ६४ बिटी प्रकारात आणतं, पण बिट६४ पॅकेज चालू नसेल तर तेच क्रमांक स्क्रीनवर शून्याच्या जवळपासचे अतिसूक्ष्म अपूर्णांक दिसतात. पाहणारा गोंधळतो आणि कॉलम साध्या संख्येत बदलायला जातो. स्टाटामध्ये नवं व्हेरिएबल प्रकार न सांगता बनवलं तर ते फ्लोट (कमी अचूकतेचा संख्याप्रकार) होतं, आणि फ्लोटमध्ये १,६७,७७,२१६ च्या पुढचे पूर्णांक एकेक करून वेगळे राहत नाहीत. दोन वेगळ्या व्यक्तींचा क्रमांक एक होऊन जातो आणि त्या क्रमांकावरून पुढे केलेली टेबलांची जोडणी चुकीची होते. उपाय साधा आहे: ज्या आकड्याची बेरीज कधीच करायची नाही तो मजकूर म्हणून आणा. आरमध्ये डेटाबेसशी जोडणी करतानाच मोठे पूर्णांक मजकूर म्हणून द्यायला सांगता येतं. त्याहून चांगलं म्हणजे व्ह्यूमध्येच तो कॉलम मजकूर करून घ्या.

तारखांमध्ये प्रत्येकाचा शून्य दिवस वेगळा. सॅस आणि स्टाटा १ जानेवारी १९६० पासून मोजतात, आर १ जानेवारी १९७० पासून, एसपीएसएस १४ ऑक्टोबर १५८२ पासून सेकंदांत. तारीख निव्वळ संख्या म्हणून इकडून तिकडे गेली आणि निकाल ३,६५३ दिवसांनी सरकलेला दिसला, तर कारण हेच: १९६० ते १९७० मधले दिवस. स्टाटामध्ये वेळेसह तारीख मिलिसेकंदांत असते आणि ती डबलमध्येच (जास्त अचूकतेच्या संख्याप्रकारात) ठेवावी लागते, फ्लोटमध्ये मिनिटं हलतात. ओरॅकलच्या डेट प्रकारात वेळही दडलेली असते. म्हणून “३१ मार्चपर्यंत” अशी गाळणी लावली की ३१ तारीख सुरू होते त्या मध्यरात्रीनंतरच्या सगळ्या नोंदी बाहेर राहतात. वरची मर्यादा नेहमी “१ एप्रिलच्या आधी” अशी लिहा.

पण मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती रिकाम्या जागांची. समजा, उत्पन्नाच्या कॉलममध्ये काही ठिकाणी नोंदच नाही. डेटाबेसमध्ये तिथे नल आहे. “उत्पन्न ५०,००० पेक्षा जास्त” ही अट डेटाबेसमध्ये लावलीत तर नलच्या ओळी गळतात. तीच अट स्टाटामध्ये लावलीत तर त्या ओळी निवडल्या जातात, कारण स्टाटा रिकाम्या मूल्याला सर्व संख्यांपेक्षा मोठं मानतो. सॅस त्याला सर्वांत लहान मानतो, म्हणून तिथे “वय १८ पेक्षा कमी” या अटीत वय नसलेले सगळे मुलांमध्ये मोजले जातात. आर उत्तरच देत नाही, एनए म्हणतो, आणि चौकटी कंसाने ओळी निवडल्या तर पूर्ण रिकाम्या ओळी हातात ठेवतो. एक अट, एकच डेटा, आणि गाळणी कुठे लावली त्यावर उत्तर वेगळं. त्यामुळे माझा आग्रह असतो की गाळणी एकाच जागी, शक्यतो व्ह्यूमध्ये व्हावी आणि नलचं काय करायचं ते तिथे उघड लिहिलेलं असावं. ओरॅकलमध्ये रिकामा मजकूर आणि नल एकच समजले जातात, इतरत्र नाही. जुन्या प्रणालींत ‘माहीत नाही’साठी ९९ किंवा १ जानेवारी १९०० भरून ठेवलेलं असतं, तेही डीबीएला किंवा डेटा भरणाऱ्या माणसाला विचारून घ्या. कॉलमच्या नावावरून ते कळत नाही.

मराठी मजकूर असेल तर एक गोष्ट आधी तपासा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये देवनागरी साध्या व्हारचार कॉलममध्ये (ज्यात सहसा देवनागरी मावत नाही) गेली असेल तर बहुधा तिथे प्रश्नचिन्हंच साठलेली असतात, आणि ती नंतर कशानेही परत येत नाहीत. एनव्हारचार या सर्व लिप्या मावणाऱ्या प्रकारात असेल तर ठीक. स्टाटा १४ व्या आवृत्तीपासून युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची अक्षरसंहिता) जाणतो. एसपीएसएसमध्ये व्हेरिएबलच्या नावाची मर्यादा ६४ बाइटची आहे आणि युटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्रा आणि वेलांट्याही धरून. म्हणजे एकवीस चिन्हांत नाव बसवायचं. व्हेरिएबलची नावं छोटी ठेवून मराठी वर्णन लेबलमध्ये टाकलेलं बरं.

आता ताळा. बँकेत कॅश मोजून घेतल्याशिवाय कुणी काउंटर सोडत नाही, तसं डेटा मोजल्याशिवाय विश्लेषण सुरू करू नये. व्ह्यूवर डेटाबेसमध्येच एक छोटी क्वेरी चालवा: एकूण ओळी, वेगळे ओळखक्रमांक, प्रत्येक संख्यात्मक कॉलमची बेरीज, किमान, कमाल आणि नलची संख्या, पहिली व शेवटची तारीख. हेच सगळं आर किंवा स्टाटामध्ये पुन्हा काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. फरक कुठे पडला यावरून कारण ओळखता येतं. ओळी सारख्या, पण वेगळे क्रमांक कमी भरले, तर क्रमांकांची अचूकता गेली. ओळी सारख्या, बेरीज कमी आणि रिकाम्या जागा जास्त, तर काही आकडे मजकूर म्हणून आले आणि संख्येत बदलताना गळले. किमान तारीख एक दिवस मागे सरकली, तर टाइमझोन. एकूण ओळी वेगळ्या क्रमांकांपेक्षा जास्त असतील आणि कागदावर तुम्ही “एक ओळ म्हणजे एक व्यक्ती” लिहिलं असेल, तर दोष आणण्यात नाही, व्ह्यूमधल्या टेबलांच्या एखाद्या जोडणीने ओळी वाढवल्या आहेत. तो डीबीएला दाखवा. ‘डिस्टिंक्ट’ (सारख्या ओळी एकदाच दाखवणारी आज्ञा) लावून झाकू नका, कारण मग कुठली ओळ टिकली हे कुणालाच सांगता येत नाही.

या क्वेरीतही एक खाच आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पूर्णांक कॉलमची सरासरी पूर्णांकच येते, अपूर्णांक कापून. आणि मोठ्या कॉलमची बेरीज प्रकाराच्या मर्यादेबाहेर जाऊन क्वेरी थांबते. आधी डेसिमलमध्ये बदलून मग बेरीज करा.

ताळा जुळला की कच्ची फाइल जशीच्या तशी पार्के या फाइलप्रकारात किंवा सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रकारात साठवा, ती फक्त वाचण्यापुरती ठेवा, सोबत क्वेरीचा मजकूर, काढल्याची तारीख-वेळ आणि फाइलचा एसएचए-२५६ ठसा (फाइल जराही बदलली तर बदलणारी अक्षरमाला). डेटाबेस हलता असतो. तीच क्वेरी उद्या वेगळ्या ओळी देईल आणि तुमचा तक्ता जुळेनासा होईल.

ओळखक्रमांक झाकून देण्याची अट असेल तर “हॅश करून देऊ” (म्हणजे ठरलेल्या सूत्राने क्रमांकाची दुसरीच अक्षरमाला करून देऊ) यावर लगेच समाधान मानू नका. क्रमांकाची लांबी आणि रचना ठरलेली असेल तर सगळे शक्य क्रमांक हॅश करून उलटी यादी बनवता येते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सीफेऱ्यांच्या प्रसिद्ध झालेल्या डेटात नेमकं हेच झालं, एमडी५ या हॅशने झाकलेले परवाना क्रमांक थोड्या वेळात उघडे पडले. गुप्त किल्ली घालून केलेला हॅश मागा आणि किल्ली डीबीएकडेच राहू द्या. त्याशिवाय नाव-नंबर काढूनही माणूस ओळखू येतो, हे संगणकशास्त्रज्ञ लाटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवून दिलं: १९९० च्या जनगणनेच्या आधारे त्यांचा अंदाज होता की अमेरिकेतले ८७ टक्के लोक पाच अंकी पिनकोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्यावर एकमेव ठरतात. वर जन्मतारखेऐवजी वय मागायला सांगितलं त्याचं कारण हे.

आणि ओळी बाहेर नेण्याची परवानगीच नसेल तर? अनेकांना वाटतं, संपलं. तसं नाही. किती विश्लेषणं निव्वळ बेरजांवर होतात हे पाहून नवखे चकित होतात. साधं रिग्रेशन (परिणाम कारणांनुसार किती बदलतो हे मोजणारं मॉडेल) घ्या, एक परिणाम आणि दोन कारणं. त्याला लागतात दहा आकडे: ओळींची संख्या, तीन चलांच्या तीन बेरजा, तीन वर्गांच्या बेरजा आणि जोडीजोडीच्या गुणाकारांच्या तीन बेरजा. एवढ्यातून सहगुणक, त्यांच्या प्रमाण त्रुटी आणि आर-वर्ग, सगळं तेच निघतं जे लाखो ओळी आणून निघालं असतं. त्या दहा आकड्यांत एकही व्यक्ती नाही, त्यामुळे त्यांना हरकत क्वचितच घेतली जाते.

दोन गोष्टी मात्र पाळा. बेरीज करताना डेटाबेस नल वगळतो, पण प्रत्येक बेरजेत वेगवेगळा. पहिल्या चलाची बेरीज एका संचावर आणि गुणाकाराची दुसऱ्याच संचावर होते आणि हाती येणारं रिग्रेशन कुठल्याच डेटाचं नसतं. तिन्ही चलं भरलेल्या ओळी आधी गाळा, मग दहाही बेरजा त्याच ओळींवर. दुसरं, वर्गांच्या बेरजा फार मोठ्या होतात आणि दोन अवाढव्य संख्यांच्या वजाबाकीत अचूकता हरवते. सरासरीच्या जवळपासचा एखादा गोल आकडा प्रत्येक मूल्यातून आधीच वजा करून बेरजा घ्या, सहगुणक तेच राहतात, फक्त स्थिरांक परत सरकवावा लागतो.

हो-नाही प्रकारचा परिणाम असेल, म्हणजे लॉजिस्टिक रिग्रेशन, तर वयोगट, लिंग, जिल्हा अशा गटांत ‘हो’ किती आणि ‘नाही’ किती यांचा तक्ता पुरतो. त्या गटांवरच मॉडेल उभं असेल तर सहगुणक आणि प्रमाण त्रुटी ओळींवरून काढल्या तशाच येतात, फक्त डेव्हियन्सचा (मॉडेल डेटाला किती कमी जुळतं त्याच्या मापाचा) आकडा वेगळा दिसतो. अडचण येते ती छोट्या गटांची. ठरावीक संख्येपेक्षा लहान गट दाखवायचे नाहीत असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. ते गट नुसते गाळले तर विरळ वस्तीच्या भागांतले लोक अभ्यासातून पुसले जातात. वयोगट रुंद करून घ्या, जिल्हे विभागांत गुंफा, आणि हे मागणी करतानाच ठरवा, तक्ता पाहिल्यावर नाही.

मध्यक मात्र बेरजांतून निघत नाही, तो डेटाबेसकडूनच काढून घ्यावा लागतो. अवशेषांचे (प्रत्यक्ष मूल्य आणि मॉडेलचा अंदाज यांतल्या फरकांचे) आलेख, टोकाची मूल्यं, मिश्र मॉडेल, यांना ओळी लागतातच. तेव्हा डेटा तुमच्याकडे आणण्याऐवजी स्क्रिप्ट तिकडे पाठवा. त्यांच्या सर्व्हरवर आर असेल तर ती तिथे चालवतात, निकाल तपासतात आणि तेवढाच बाहेर देतात. यासाठी डीबीएकडून आधी खोट्या मूल्यांच्या शंभरेक ओळी मागून घ्या: कॉलमांची नावं, प्रकार आणि कोड अगदी खऱ्यासारखे, मधे मधे नल पेरलेले, आकडे मात्र बनावट. त्यावर स्क्रिप्ट शेवटपर्यंत चालली की मगच ती पाठवा, आणि तिच्या सुरुवातीलाच वरचा ताळा छापणाऱ्या ओळी घाला. खऱ्या डेटावर काही वेगळं असेल तर निकालासोबत आलेल्या त्या आकड्यांवरूनच तुम्हाला ते कळेल, डेटा न पाहता.